भूरा माळ्याची विहीर

बदलीच्या हुकमानं जयपूरला आलेली मराठी माणसं पहिल्या दिवसापासून परत जायची भाषा बोलायला लागतात. विमा ऑफिसातला उमाकांत परचुरे तेवढा उलट्या डोक्याचा निघाला. गडी मूळचा रेवदंड्याचा, नारळी-पोफळीच्या सावलीत वाढलेला. त्यानं जयपुरात यावं आणि दुसऱ्याच वर्षी काय करावं? थेट सोडाल्याच्याही पुढे, अजमेर रस्त्याच्या कडेला, भूरामल माळ्याच्या शेतातला एक तुकडा घर बांधायला घेतला! ऑफिसातल्या लोकांनी कपाळाला हात लावला. तेव्हा, म्हणजे पंचावन्नच्या सुमाराला, सोडाल्यालाच कोणी शहर म्हणत नसे, मग त्याच्या पुढचं काय विचारता? वाळू, खेजडीची चार झाडं, भूराची भाजी आणि दिवस कलला की कोल्हे.

घर उभं राहिल्यावर त्यानं बायकोला, कुसुमला, टांग्यातून तिथे आणलं. कडेवर अलका, नुकती चालायला लागलेली. कुसुम खाली उतरली, तिनं चहूकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा काही उतरला की टांगेवाला सामान काढायचं विसरला.

"अहो," ती म्हणाली, "इथे माणसं कुठायत?"

"येतील की."

"कधी?"

गच्चीच्या कठड्यावर मोर बसला होता, तो तेवढा ओरडला.

माणसं नव्हती, नळ नव्हता, वीज नव्हती. होती ती भूराची विहीर. शेताच्या मध्यावर, दगडी बांधणीची, चांगली खोल, वर मोटेचं चाक. उमाकांत बादली घेऊन विचारायला गेला तेव्हा भूरानं मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. वांग्याच्या ओळीतलं गवत काढता काढता म्हणाला, "भरून न्या, बाबूजी. विचारायचं काय त्यात?" हा भूरा असा. उंच, काळा, पांढऱ्या पागोट्याचा, आणि बोलायला महाकंजूष. बायको गेलेली. घरात म्हातारी आई, तिला सगळे मांजी म्हणत, आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी, गुलाब. या पोरीवर त्याचा असा जीव होता की तिनं हाक मारली की तो चालती मोट थांबवून जाई. बाप बोलत नसे, ती सगळी कसर पोरगी भरून काढी. आठवड्याभरात तिनं कुसुमला 'काकी' करून टाकलं आणि अलकाला कडेवर घेऊन शेतभर हिंडायला लागली.

आणि मग आला भाद्रपद.

रेवदंड्याचा माणूस एक वेळ नोकरी सोडील, घरचा गणपती चुकवणार नाही. उमाकांतनं सगळं जयपूर पालथं घातलं. मूर्तिकारांच्या गल्लीत जावं तर तिथे संगमरवरी गणपती, एकाहून एक देखणे. पण दीड दिवसांनी विसर्जन करायचं म्हटल्यावर दुकानदार त्याच्याकडे असा बघायला लागला की उमाकांत न बोलता पायऱ्या उतरला. मातीचा गणपती या गावात कोणी करतच नव्हतं. शेवटी ऑफिसातल्या शिपायानं सांगितलं, आमेरला नाथू नावाचा कुंभार आहे, गणगौरीच्या सणाला इकडच्या बायका पुजतात त्या मातीच्या बाहुल्या करतो, त्याला विचारा. नाथूनं चित्र पाहिलं, मान डोलावली, आणि खरंच झकास मूर्ती केली. पितांबर पिवळा, सोंड डावी, पायाशी उंदीर. उमाकांत ती घेऊन आमेरच्या बसमध्ये बसला आणि एका खड्ड्यात बस अशी आदळली की सोंड त्याच्या मांडीवर पडली.

तो तसाच उलट्या बसनं आमेरला परतला. डोळ्यांत पाणी. मोठा माणूस, ऑफिसचा बाबू, हातात सोंड तुटलेला देव घेऊन दारात उभा! नाथू एवढंच म्हणाला, "चतुर्थीच्या आदल्या दिवशी या, साहेब. दुसरी देतो. आता नाही तुटायची."

आणि नाही तुटली. घरी आली, पाटावर बसली, कुसुमनं उकडीचे मोदक केले. गुलाब दीड दिवस त्या मखरापुढून हलली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तरपूजा झाली आणि प्रश्न पडला, विसर्जन कुठे? रेवदंड्याला त्यांच्या वाडीतल्या विहिरीतच गणपती सोडत. मग इथेही विहीर आहेच की! यात काही विचारायचं असतं हे उमाकांतच्या स्वप्नातही आलं नाही. तो, कुसुम, अलका, एक झांज, एक निरांजन. 'मोरया' म्हणत विहिरीशी गेले, उमाकांतनं दोरात मूर्ती धरून हळूच खाली सोडली, आणि पाण्याचा आवाज येतो न येतो तोच मागून अशी किंकाळी आली की कुसुमच्या हातातलं निरांजन पडलं.

मांजी घडा घेऊन आली होती. घडा फुटलेला, म्हातारी दोन्ही हातांनी डोकं धरून ओरडत होती, "गणेशजी को डुबो दिया रे! डुबो दिया!"

कांद्याच्या वाफ्यात भूराकडे कामाला आलेली माणसं फावडी घेऊन धावली. शेतापलीकडच्या माळ्यांच्या झोपड्यांतून बायका आल्या. उमाकांतला काही समजेना. तो हात जोडून उभा होता आणि समोरची माणसं त्याच्याकडे खुनी माणसाकडे बघावं तशी बघत होती. अहो, देवाला घरी आणायचं, दोन दिवस गोडधोड खाऊ घालायचं आणि मग विहिरीत ढकलून द्यायचं? तोही कोणता देव, तर गणेशजी! त्या माणसांना हे नुसतं पाप वाटलं नाही, वेड वाटलं.

तोंड उघडलं ते कुसुमनं. मोडक्या हिंदीत, पण उघडलं. "तुम्ही गणगौर नाही का सोडत विहिरीत? मग?"

"गणगौर आमची बेटी!" मांजी कडाडली. "बेटी सासरी जाते. गणेशजी कुठे जाणार? तो दारावर बसतो. घर बांधा, लग्न काढा, पहिलं बोलावणं त्याला. त्यालाच घालवून दिलंत तर मागे राहिलं काय तुमच्या घरात?"

तेवढ्यात भूरा पुढे झाला. त्यानं विहिरीत वाकून पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं, आणि उमाकांतला विचारलं, "खाली पडून राहणार तो? माझ्या विहिरीत?"

"नाही नाही, भूराजी! मातीचा आहे. विरघळतो. माती पाण्यात मिसळते आणि तो आपल्या घरी जातो, आईकडे. आमच्याकडे तो पाहुणा येतो. पुढच्या वर्षी परत येतो."

"काही उरत नाही?"

"काहीसुद्धा नाही."

"तुम्ही पाहिलंय?"

"लहानपणापासून," उमाकांत म्हणाला, आणि ते खरंच होतं. रेवदंड्याचे गणपती विरघळताना त्यानं पाहिले होते.

भूरानं पागोटं सारखं केलं. मग आपल्या माणसांकडे वळून म्हणाला, "जा घरी. बाबूजी सांगतोय ना, गणेशजी आईकडे गेला म्हणून. मग गेला." आणि उमाकांतला म्हणाला, "पण पुढच्या वर्षी असा दोरानं नाही फेकायचा. टोपलीत बसवून सोडायचा. मी सोडीन."

बस. भूरानं शब्द टाकला म्हणजे प्रश्न मिटला. मांजी मात्र दोन महिने परचुऱ्यांच्या दारावरून तोंड फिरवून जायची.

पुढची वर्षं कशी गेली ते त्या वस्तीलाच विचारा. भूराच्या शेताचे तुकडे पडत गेले आणि त्यांच्यावर घरं उठत गेली. आधी एक सिंधी दुकानदार आला, मग शाळेतले मास्तर, मग एक डॉक्टर, मग रेल्वेतले दोन भाऊ. विजेचे खांब आले. नळ आले, त्यांना पाणी कधी असे, कधी नसे, म्हणून विहीर काही सुटली नाही. कुसुमला दुपारी बोलायला बायका मिळाल्या. आणि दर वर्षी दीड दिवसांच्या गणपतीच्या संध्याकाळी विहिरीभोवती माणूस वाढत गेला. भूरा टोपलीत गवत अंथरायचा, मूर्ती बसवायचा, हळूहळू दोर सोडायचा, आणि पाण्याला टेकली की टोपली अशी तिरकी करायचा की गणपती आपणहून उतरल्यासारखा उतरायचा. गुलाब झांज वाजवी. 'पुढच्या वर्षी लवकर या' हे तिचं इतकं स्वच्छ मराठी की अलका तिच्यापुढे अडखळायची. सिंधीणबाई प्रसादाला शिरा आणायची. मांजीसुद्धा यायला लागली, मात्र लांब उभी राहून. "मला नका सांगू," म्हणायची, "मला पटलेलं नाही."

मूर्ती आमेरच्या नाथूकडूनच येई. एकदाही तुटली नाही. बस कितीही आदळो.

मग गुलाबचं लग्न झालं, आणि पुढे गौना, म्हणजे पाठवणी, होऊन ती चोमूच्या बाजूला सासरी गेली. जाताना कुसुमच्या गळ्यात पडून म्हणाली, "काकी, मोदकाची कळी मला आता येते. तिकडे करीन." त्या वर्षी झांज वाजवायला अलका पुढे झाली आणि तिला ताल धरता येईना.

वर्षही सरलं नव्हतं. पहिल्या बाळंतपणात गुलाब गेली. मूलही गेलं. निरोप घेऊन माणूस आला तेव्हा भूरा कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होता. तो तसाच निघाला, बसनं, मग पायी. पोचला तोवर सगळं आटोपलेलं. चिता थंड झालेली, अस्थी घेऊन माणसं रवाना झालेली. सासरच्या लोकांनी त्याला पाणी दिलं. दुसरं द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

तो परत आला आणि विहिरीच्या ओट्यावर बसला. खाईना, बोलेना, मोट जुंपीना. माणसं यायची, बसायची, उठून जायची. उमाकांत ऑफिसातून आला की त्याच्याशेजारी जाऊन बसे. गुलाब त्याच्या घरातही वाढली होती.

एका संध्याकाळी भूरा आपण होऊन बोलला. "बाबूजी, मी तिला जाताना पाहिलंच नाही. लोक म्हणतात गेली. मला तसं वाटत नाही. मला वाटतं कुठेतरी अंधारात बसून हाका मारतेय आणि मला ऐकू येत नाही."

उमाकांत काही भटजी नव्हता, शास्त्री नव्हता. जे सुचलं ते बोलला. "भूराजी, तुम्ही स्वतःच्या हातांनी गणपती सोडता ना? तो खाली बसून राहतो का? विरघळतो. आईकडे जातो. तशीच गुलाब. तिची आईही तिकडेच आहे. अंधारात कुणी नाही बसलेलं. खाली काही उरत नाही."

भूरानं विहिरीत पाहिलं. "काही उरत नाही," तो म्हणाला. मग उठला, हातपाय धुतले आणि दोन घास जेवला. मांजीनं त्या दिवशी पहिल्यांदा उमाकांतच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यानंतरही दर भाद्रपदात भूरानंच टोपली सोडली. टोपली रिकामी वर आली की ती उलटी करून सगळ्यांना दाखवी आणि उमाकांतकडे बघे. उमाकांत मान हलवी. त्या दोघांचं ते ठरूनच गेलं होतं.

आता यापुढचं सांगताना माझंसुद्धा तोंड कोरडं पडतं.

पावसानं दगा दिला. एक वर्ष, मग दुसरं. त्या उन्हाळ्यात नळ तर फुसफुसायचेही बंद झाले आणि भूराची विहीर, जी कधी आटली नव्हती, तिचा तळ दिसायला लागला. वस्तीनं ठरवलं, गाळ काढायचा, झरे मोकळे करायचे. रविवार होता. सगळे जमले. मास्तर, डॉक्टर, सिंधी, सगळे धोतरं-पायजमे खोचून. खाली उतरला भूरा. माझी विहीर, मी उतरणार, म्हणाला. वर दोराला उमाकांत आणि रेल्वेतले दोघे भाऊ. गाळाच्या टोपल्या वर येऊ लागल्या. बायका कडेला, पोरं भोवती, चेष्टामस्करी चाललेली. कुणाची हरवलेली बादली निघाली, त्यावर हशा झाला.

मग खाली फावड्याचा आवाज थांबला.

"भूराजी?" उमाकांतनं वाकून हाक दिली. "भूराजी, ठीक आहात ना?"

दोर हलला. ओढा, अशी खूण. त्यांनी ओढला. टोपली कठड्याशी आली, उमाकांतनं हात घालून ती आत घेतली, आणि त्याचे हात जिथल्या तिथे राहिले.

टोपलीत गणपती बसला होता. अख्खा. रंग गेलेला, पितांबर गेलेलं, अंगभर चिखल, पण सोंड शाबूत, कान शाबूत, मोदकाचा हात शाबूत. पायाशी उंदीर. चिखल निथळला तिथे खाली लालबुंद, विटेसारखा.

कुसुमनं तोंडाला पदर लावला. टोपली परत खाली गेली. आणि दुसरा आला. मग तिसरा. एकाचा कान उडालेला, एक पोटापाशी तडकलेला, बाकी जसेच्या तसे. मोजायचं भान कुणाला होतं! उमाकांत एकेक उचलून ओट्यावर ठेवत होता आणि प्रत्येक त्याला ओळखू येत होता. हा नळ आले त्या वर्षीचा. हा गुलाबच्या लग्नाच्या वर्षीचा. हा ती गेली त्याच्या पुढच्या भाद्रपदातला. प्रत्येकाला त्यानं स्वतः निरोप दिला होता, आणि एकही कुठे गेला नव्हता.

शेवटी भूरा वर आला. कमरेपर्यंत चिखल. तो कुणाकडे न बघता त्या रांगेपुढे उभा राहिला.

"बाबूजी," तो म्हणाला. "हे गेलेच नाहीत."

उमाकांतनं हातातली रिकामी टोपली खाली ठेवली.

"इथेच बसून होते. अंधारात. मी दर वर्षी यांच्या डोक्यावर दुसरा नेऊन ठेवत होतो." तो वळला. त्याचा चेहरा पाहून मास्तरांनी पोरांना मागे ओढलं. "आणि गुलाब?"

काय सांगणार? भूरा क्षणभर थांबला, मग चिखलाच्या पायांनी आपल्या घरात गेला आणि त्यानं दार ओढून घेतलं.

"आई," अलका रडवेली होऊन म्हणाली, "भूराबाबा गुस्सा झाले, मतलब... आपल्यावर?"

गुस्सा झाला असता तर बरं झालं असतं हो! शिव्या दिल्या असत्या, विहिरीवर येऊ नका म्हणाला असता, तर उमाकांतनं पाय धरले असते. भूरानं तसलं काहीच केलं नाही. पाणी पूर्वीसारखंच भरू दिलं. फक्त उमाकांतकडे बघणं सोडलं, आणि पुन्हा ओट्यावर बसायला लागला, तोंड विहिरीकडे करून, कान देऊन. हाक ऐकू येते का म्हणून.

मांजीनं त्या सगळ्या मूर्ती धुतल्या आणि ओट्याच्या कडेनं एका ओळीत मांडल्या. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, गणेशजी कुठे जात नसतो," एवढंच म्हणाली. सोडाल्याकडून येणारी माणसं बसमधून उतरून पाया पडायला लागली. पावसाळ्यापर्यंत कंडक्टर तिथे 'गणेश कुआँ, गणेश कुआँ' ओरडायला लागला, आणि त्या आजवर बिननावाच्या वस्तीला हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

उमाकांतला झोप लागेना, अन्न गोड लागेना. कुसुम म्हणाली, "अहो, पण आपल्याकडची तर विरघळतात! मग ह्या का नाही?" त्यानं मनाशी काय ते ठरवलं आणि तडक आमेर गाठलं. डोक्यात राख घालूनच गेला. नाथू चाकावर माठ करत होता.

"नाथू, मूर्ती भट्टीत घालतोस तू?"

"घालतो तर!" नाथू हसला. "पहिली सोंड तुटली, तुम्ही रडत आलात, मी पाहिलं ना? त्याच दिवशी ठरवलं, या साहेबाला कच्चं काही द्यायचं नाही. चांगली भाजतो, मग रंग देतो. तुमच्या नातवंडांपर्यंत टिकेल. का, तडकली का एखादी?"

उमाकांत खाली बसला. "अरे, आम्ही ती पाण्यात सोडतो."

"काय सोडता?"

"मूर्ती. दुसऱ्या दिवशी. पाण्यात."

चाक फिरत राहिलं आणि त्यावरचा माठ वाकडा होऊन कोसळला. नाथूनं तो सावरलाही नाही. "माझी मूर्ती? पाण्यात?" "साहेब, दर वर्षी एक नेता. मला वाटायचं, तुमच्या माणसांचं एकेक नवं घर वसतंय जयपुरात आणि माझा गणेशजी त्या घरात बसतोय. मी बायकोला सांगायचो, सोडाल्याकडे माझे इतके गणेशजी आहेत म्हणून!"

रागावण्यासारखं उमाकांतपाशी काही उरलं नाही. कुणावर रागवायचं? मग त्यानं नाथूला सगळं सांगितलं. विहीर, टोपली, गुलाब, भूराचा तो प्रश्न. आणि म्हणाला, "या वर्षी कच्ची दे. एकच दे."

"कच्चा देव मी हातातून जाऊ देणार नाही," नाथू म्हणाला. मग चिखलाचे हात पुसत त्यानं विचारलं, "पोरगी केवढी होती?"

"सोळा-सतराची."

"या चतुर्थीच्या आदल्या दिवशी."

त्या वर्षी उमाकांत बसनं आला नाही. ऑफिसातून रजा टाकली, गादी घालून टांगा केला, आणि आमेरपासून सबंध शहर ओलांडून सोडाल्याच्या पुढे घरापर्यंत मूर्ती छातीशी धरून बसला. टांगेवाल्याला इतक्यांदा 'हळू' म्हणाला की त्यानं शेवटी घोडा हातानं धरून चालवला. हात, सोंड, उंदीर, सगळं नीट घरी पोचलं. चतुर्थीला कुसुमनं मोदक केले आणि कळ्या पाडता पाडता रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमाकांत भूराच्या दारात गेला. "भूराजी, दुपारी ओट्यावर या. मी काही सांगणार नाही. मी सांगायचा तेवढा मूर्खपणा सांगून झालाय. तुम्ही नुसते बसा आणि बघा."

दुपारी उत्तरपूजा आटोपून ते निघाले तेव्हा भूरा ओट्यावर होता.

कुसुमनं माहेरचं तांब्याचं मोठं घंगाळ बाहेर काढलं होतं. ओट्यावर ठेवलं, विहिरीचंच पाणी त्यात भरलं. वस्ती जमली होती, पण झांज नाही, मोरया नाही. भाजलेले सगळे गणपती एका ओळीत आणि त्यांच्यापुढे हा एक रंगीत. उमाकांतनं मूर्ती भूराच्या हातात दिली. भूरानं ती पाण्यात बसवली आणि घंगाळाशी मांडी घालून समोर बसला.

आधी काहीच होईना. मग रंग सुटला, पाणी पिवळं झालं. मग बारीक बुडबुडे. सोंडेचं टोक मऊ पडलं आणि अलगद निसटलं. भूरा पुढे वाकला. बायका हळूच उठून आपापल्या कामाला जाऊ लागल्या, पुन्हा येऊन बसू लागल्या. कान गळाले. हात गेला, मोदकासकट. डोकं खांद्यात बसत गेलं. उंदीर कधी गेला ते कुणाला दिसलंच नाही. कोणीतरी पाणी ढवळू का म्हणून विचारलं तर मांजीनं त्याच्या हातावर चापट मारली. भूराची पापणी लवत नव्हती. पोटाचा गोळा तेवढा राहिला, मग तोही एका बाजूनं खचला, पसरला, आणि पाणी नुसतं गढूळ दिसायला लागलं.

उन्हं उतरली होती. भूरानं बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात घंगाळात घातला. तळाशी फिरवला. कडेकडेनं फिरवला. पुन्हा मध्यावर आणला, मूठ उघडली, मिटली. हात बाहेर काढून बघितला. बोटांना चिकटलेला मऊ चिखल, दुसरं काही नाही.

त्यानं उमाकांतकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पाहिलं. उमाकांतनं या वेळी मान हलवली नाही, काही सांगितलंही नाही.

"गई, बाबूजी," भूरा म्हणाला. "गुलाब गई."

मग तो घंगाळाच्या काठावर डोकं टेकून मोठमोठ्यानं रडायला लागला. मांजीनं कुणालाही त्याच्याजवळ जाऊ दिलं नाही.